गाडी उजवीकडे ओढायची

खरातभाऊ गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. त्यांच्या मुलीचा, सुनंदाचा फोन आला तेव्हा मी गुडघ्याला तेल चोळत बसलो होतो. "साहेब, बाबा गेले परवा. तुमचा नंबर त्यांच्या वहीत होता," एवढंच ती म्हणाली. या वयात असे फोन येतच राहतात, कान सरावतात. हा फोन ठेवल्यावर मात्र तेलाची वाटी हातात तशीच राहिली... पाच आठवडे झाले, शीण काही उतरत नाही.

अंबादास खरात वाळूजच्या आमच्या कारखान्यात गाड्या चालवून बघायचे. नवी गाडी रस्त्यावर कशी वागते ते आधी त्यांच्या हातांना कळायचं, मग आम्हा इंजिनिअरांच्या कागदांना. मी तेव्हा पंचविशीतला, नुकताच लागलेला, चांगलाच शिष्ट. ते दहा वर्षांनी मोठे असून मला साहेब म्हणायचे आणि मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. कुठलीही गाडी हातात आली की खिशातली पांढरी चिकटपट्टी काढून स्टिअरिंगच्या माथ्यावर बोटभर तुकडा लावायचे. चाकं सरळ असली की पट्टी बरोबर मधोमध. "पट्टीकडं बघा साहेब, माझ्याकडं नका बघू," म्हणायचे.

दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे होते. क्रांती चौकात बंदोबस्त असायचा आणि आमच्या कँटीनमध्ये टेबलं न सांगता वेगळी व्हायची. खरातभाऊंच्या चुलत्याचं गावाकडचं घर त्या दंगलीच्या आगीत गेलं होतं. त्याबद्दल ते चकार शब्द काढत नसत, पण मोर्चाच्या दिवशी रजेचा अर्ज देत आणि त्यात कारण खरं लिहीत. विभागप्रमुखांना ते खुपायचं. 'घरगुती काम' असं लिहा ना, मी एकदा सुचवलं. "का म्हणून? चोरी कराया चाललोय व्हय?" ते म्हणाले. अजून ते कायम झाले नव्हते, म्हणून मी सुचवलं होतं. शहाणपणा!

त्याच सुमारास मोठ्या इंजिनाची एक गाडी तपासायला आली. तिच्या इंजिनाची ताकद फक्त पुढच्या चाकांना. अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांकडे, खेचलं जायचं. खरातभाऊंनी तीनदा सांगितलं, "मी वळवत नाय साहेब, गाडीच ओढतीय." विभागप्रमुख म्हणाले, त्याच्या हातालाच तशी सवय आहे, लिहा. आणि मी लिहिलं. दोष गाडीचा नसून चालकाच्या हाताचा आहे. खाली माझी सही.

पुढच्या आठवड्यात तुलनेसाठी तशाच ताकदीची, पण ती ताकद चारही चाकांना देणारी गाडी आली. खरातभाऊंनी मला शेजारी बसवलं, कारखान्यामागच्या सरळ रस्त्यावर नेलं आणि पाय तळापर्यंत दाबला. पट्टी मधोमध... जागची हलली नाही. त्यांनी तळवे उघडून माझ्यासमोर धरले. "हात तेच हायत ना साहेब?"

 पहिल्या गाडीत गिअरबॉक्स डावीकडे, त्यामुळे डाव्या चाकाकडे जाणारा दांडा आखूड आणि उजवा लांब. सगळी ताकद त्या दोन असमान दांड्यांतून गेली की स्टिअरिंग एका बाजूला खेचलं जाणारच. या गाडीत बरीचशी ताकद मागच्या चाकांकडे जात होती, म्हणून ती ओढ हातापर्यंत पोचतच नव्हती. मी हे मनात जुळवत असताना ते वळणावर पोचले होते. "सरळ रस्त्याला लई गुणाची हाय ही. पण वळणावर जड. नाक बाहेर पळतंय. चारी चाकं ओढत्यात म्हणून गाडी आपसूक वळत नाय, वळवावी लागती."

"मी अहवालाची दुरुस्ती लिहून देतो," मी म्हणालो.

"द्या. घाई नाय."

मी दिली नाही. कारण सांगायला लाज वाटते. मीही कायम व्हायचा होतो. महिनाभरात खरातभाऊंना तपासणीतून काढून शिफ्टच्या बसवर टाकलं, आणि निवृत्त होईपर्यंत ते तिथेच राहिले. पुढच्या मॉडेलमध्ये दोन्ही दांडे सारखे केले, तेव्हाही कुणी काही बोललं नाही. मीही नाही. विद्यापीठाला नाव मिळालं त्या दिवशी ते बसच्या दारात पेढे वाटत उभे होते. मला दोन दिले. माझ्या तोंडाशी शब्द आला होता, पण मागे माणसं चढायची खोळंबली होती. मी पेढा खाल्ला आणि आत जाऊन बसलो. समोर बसच्या स्टिअरिंगवर पांढरी पट्टी होती.

परवा त्यांच्या घरी गेलो. सुनंदानं चहा दिला. फडताळात चिकटपट्टीचं अर्धं रीळ होतं. "बाबा तुमचं नाव लई घ्यायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, साहेब लिहून देणार हायत. काय लिहून देणार व्हते, साहेब?" तिला खरंच ठाऊक नव्हतं. मी निघताना तिनं ते रीळ माझ्या हातावर ठेवलं. माझ्या गाडीच्या स्टिअरिंगवर आता एक तुकडा आहे. रोज सकाळी तो समोर येतो.

सुनंदा, हे लिहून द्यायचं होतं. गाडीच उजवीकडे ओढत होती. अंबादास खरात यांच्या हातात काही दोष नव्हता. ते मला तेव्हाच ठाऊक होतं. खाली सही माझीच.