धुरपता नर्सची चाबी

धुरपता नर्सला सालेकशात कोणी गोड म्हटलेलं मी ऐकलं नाही. जंगलाच्या ठेकेदाराने मजुरांसाठी काढलेल्या दवाखान्यात ती होती. तिथे डोकेदुखीची साधी गोळी मागितली, तरी ती आधी विचारायची, "जेवून आलीस का?" उपाशी पोटी गोळी नाही, आणि एकीवर लगेच दुसरी तर नाहीच. मॉर्फिनच्या कपाटाची चाबी तिच्या कमरेला असायची. लोक तिला चिक्कू म्हणत. मीही म्हणायची.

छप्पन साली माझा भाऊ खुशाल मोहाच्या झाडावरून पडला. मांडीचं हाड मोडलं. बाजेवर घालून आणताना त्याचं ओरडणं ऐकवेना, म्हणून वाटेत मी त्याला दोन वाट्या मोहाची दारू पाजली. दुखण्यावर आमच्याकडे हेच करत.

डॉक्टरांनी मॉर्फिन सांगितलं. धुरपताने खुशालच्या तोंडाशी नाक नेलं आणि मला विचारलं, "पाजली का?"

"नाही." बोलणी बसतील म्हणून मी सरळ खोटं बोलले.

"मंग मी सुई देत नाही."

डॉक्टर भडकले. "पोरगी नाही म्हणते ना? डॉक्टर कोण, तू की मी?"

"तुमीच. हे घ्या चाबी. सुई तुमी द्या, अन् वहीत सही करा. दारूवर हे देलं त श्वास बंद होते. मले कापलं तरी मी देणार नाही."

"उद्यापासून येऊ नकोस," डॉक्टर म्हणाले. पण चाबी त्यांनी उचलली नाही.

"उद्याचं उद्या पाहू." तिने बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला. खुशाल तिला तोंडावर शिव्या देत होता, मी मनातल्या मनात. ती मात्र त्याच्या छातीवर हात ठेवून घड्याळ बघत बसली.

दुपारी तो गुंगीत गेला. मिनिटाला चौदा श्वास, मग अकरा, मग आठ. सुई न देता आठ! धुरपता त्याच्या गालावर चापट्या मारू लागली. "उठ रे! शिव्या दे मले!"

तेव्हा मी रडत रडत कबूल केलं.

"मालूम होतं," एवढंच ती म्हणाली. खुशालने डोळे उघडून शिवी दिली, तशी ती पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवशी ती रोजच्या वेळेला आली. खुशालची नशा उतरली होती. तिनेच सुई दिली आणि पुन्हा श्वास मोजत बसली. डॉक्टरांनी तिला जा म्हटलं नाही.

आता मी तिच्याच हाताखाली काम शिकते. नातेवाईक "काही पाजलं नाही" म्हणतात, तेव्हा मी रोग्याचं तोंड हुंगते. लोक मलाही चिक्कू म्हणतात. म्हणू द्या. "नाही" म्हणणारी बहीण किती खरी वाटते, ते मला चांगलं माहीत आहे.