सुशीलानं उचललेलं कार्ड

भुतंखेतं मी कधीच मानली नाहीत. चमत्कार मानते, पण ते बायबलमधले... खारघरच्या सेक्टर बारामधल्या फ्लॅटमधले नाही! त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच गंमत वाटतेय.

आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत घरोघरी प्रार्थना होते. शेवटी बायबलच्या वचनांचा डबा फिरतो. प्रत्येकानं न बघता एक कार्ड उचलायचं, त्यावरचं वचन आपल्यासाठीच आलंय असं समजायचं. आमच्या चर्चच्या मंडळीतला डबा माझा. वीस वर्षांपूर्वी सगळी कार्डं मीच लिहिली, निळ्या शाईनं. तेव्हा मी संडेस्कूलची टीचर – वय पन्नास, अक्कल पाच! रडकी, तक्रारीची वचनं मुद्दाम गाळली. लोकांना कशाला टेन्शन?

त्याच वर्षी आमच्याच मंडळीतल्या सुशीलाची मुलगी गेली. रबाळ्याला कामावरून सुटली आणि दारू प्यायलेल्या ड्रायव्हरनं तिला उडवलं. सांत्वनाच्या प्रार्थनेत सुशीलानं विचारलं, "देवानं त्याला थांबवलं का नाही?"

पाळकसाहेब, आमचे धर्मगुरू, नुसते तिच्या शेजारी जाऊन बसले. शहाणा माणूस. मी मात्र उठलेच – "देवानं माणसाला मोकळीक दिलीय, सुशीला. त्यानं ती वाईट वापरली. देव कुणाचा हात धरत नाही."

दहापैकी दहा मार्क!

सुशीला म्हणाली, "त्याला मोकळीक. आणि माझ्या पोरीला, बाई? तिला फक्त घरी यायचं होतं."

त्यानंतर ती प्रार्थनेला आली नाही. माझे फोनही उचलले नाहीत. वीस वर्षं तिचं ते एक वाक्य माझ्या कानात राहिलं.

मागच्या वर्षी एका रविवारी, दुपारी चारला, प्रार्थना माझ्याकडे होती. दार उघडलं तर सुशीला. कॅन्सरनं नुसती हाडं राहिलेली.

"सलाम, बाई. भाषण देणार असाल तर आल्या पावली जाते."

"बस गं. संपली माझी भाषणं."

डबा फिरला. तिनं कार्ड उचललं, वाचलं, मग माझ्यासमोर धरलं.

वधस्तंभावर येशू बापाला विचारतो ना, मला का सोडलंस – तो प्रश्न. माझं अक्षर. माझी निळी शाई. आणि मी कधीच न लिहिलेलं कार्ड.

"त्याला तरी मिळालं का हो उत्तर, बाई?"

तिसरा दिवस, रिकामी कबर, त्याचं पुन्हा जिवंत होणं, सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पाठच आहे ते.

"वधस्तंभावर, त्या दुपारी तरी नाही," मी म्हटलं.

"मग बसते थोडा वेळ," ती म्हणाली. माझा हात धरून बसली.

महिन्याभरात ती गेली. शवपेटीत ते कार्ड तिच्या हातात होतं. तिनंच तसं सांगून ठेवलं होतं.

नात म्हणते, "आजी, तूच लिहिलं असशील. विसरलीस."

असेल बाई. परवा माझा चष्मा फ्रीजमध्ये सापडला. पण ती पन्नाशीतली शहाणी? तिनं असलं कार्ड डब्यात येऊच दिलं नसतं. तिला मी चांगली ओळखते.

मग कुणी लिहिलं... मला खरंच माहीत नाही.