कालवणाला मंजुरी

झुबेदाआपा कॉम्प्युटर शिकवायला आल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी काय केलं, तर पडदाच बंद केला! मी बाह्या सरसावून तयारीत बसलेली. मनात म्हटलं, झालं, ही बाई आपल्याला काय डोंबल शिकवणार?

"बटनं नंतर, बाय," त्या म्हणाल्या. "आधी मला सांग, मासळी आत्ता कुठे आहे?"

मुरुडच्या बाजूला आमचा मासळी गोठवून परदेशी पाठवण्याचा कारखाना आहे. तिथलं कोल्ड स्टोरेज माझ्या ताब्यात. तोवर खरेदीवाल्यांचं दप्तर वेगळं, आमचं वेगळं, माल पाठवणाऱ्यांचं वेगळं, आणि तिघांचं एकमेकांशी कधी पटायचं नाही. म्हणून शेटनी सगळ्या कंपनीसाठी एकच सिस्टीम घ्यायची ठरवली. आपा मूळच्या मुरुडच्याच. कुवेतच्या एका ऑफिसात वर्षानुवर्षं हेच काम करून घरी परतलेल्या. करारावर त्यांना बोलावलं, आणि पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या तेव्हा आमची शाळा सुरू झाली.

मॉड्यूल, मास्टर डेटा असले शब्द ऐकून आम्ही गार. मासळी निवडणाऱ्या बायकांची पुढारी हिराबाय दारातून म्हणाली, "ह्यो कंचा नवा म्हावरा गो?" आपा इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यांनी हिराबायलाच समोर बसवलं.

"आमच्याकडे शादीची दावत असते, बघितलीस ना? पुलाववाला वेगळा, गोड करणारा वेगळा, पानं मांडणारा वेगळा. ते झाले मॉड्यूल. ज्याने त्याने आपलं काम करायचं. पण पाहुणे किती, ते सगळ्यांनी एकाच ठिकाणी बघायचं. तो मास्टर डेटा. पुलाववाल्याने आपले पाहुणे वेगळे मोजले, तर कोणीतरी उपाशी उठणार. आणि उपाशी उठलेला पाहुणा जन्मभर विसरत नाही!"

हिराबायला पटलं. मला पटायला थोडा वेळ लागला, कारण मी मुळातच हट्टी.

आपांची आणखी एक खोड होती. कोणी एन्ट्री केली की त्या मागे उभ्या राहून विचारायच्या, "आता हे कोणाच्या ताटात पडलं?" मी वजन टाकलं की ते पुढे पॅकिंगला दिसणार, मग पाठवणाऱ्याला, मग हिशोबाला. "तुझं काम संपतं तिथे दुसऱ्याचं सुरू होतं. त्याची फिकीर ठेव." वैताग यायचा. पण आता मी नव्या मुलींच्या मागे उभी राहून हेच विचारते आणि त्यांनाही वैताग येतो.

नारळी पुनवेनंतर होड्या दर्यावर गेल्या, माल येऊ लागला, आणि नवी सिस्टीम चालू झाली. महिना सरला नाही तोच मुंबईच्या ऑफिसातून साहेब आले. त्यांनी मला बोलावून सरळ विचारलं, "दाराशी माल तोलला जातो, निवडल्यावर पुन्हा तोलला जातो. मध्ये रोज घट. स्टोअर तुमचं. माल जातो कुठे?"

"शोधून सांगते," एवढंच म्हणून मी बाहेर आले. माल कुठे जातो ते मला ठाऊक होतं, सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. तुटकी, दबलेली मासळी परदेशी जात नाही. ती निवडणाऱ्या बायका संध्याकाळी कालवणाला घरी नेतात. शेटच्या वडलांनीच लावलेली रीत, पण कागदावर कुठेच नाही. पूर्वी आम्ही निवडल्यानंतरच तोलायचो, म्हणून कुठे घट दिसतच नव्हती. आता खरं सांगावं तर बायका चोर ठरणार, गप्प राहावं तर मी. आणि माझं घर माझ्या एकटीच्या नोकरीवर.

बायकांना कुणकुण लागलीच. हिराबाय रिकामा डबा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "बाय, तुज्या पोटावर पाय नको. आमी न्हाय नेनार कालवन." मला रडूच फुटलं.

तेवढ्यात आपा आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि मला हाताला धरून थेट साहेबांपुढे नेलं.

"साहेब, सिस्टीमला चोर कळत नाही. माल किती आला, किती गेला, का गेला, एवढंच ती विचारते. त्या 'का'च्या यादीत आपण बर्फाचं पाणी ठेवलं, खराब माल ठेवला. कालवण ठेवलंच नाही. चूक माझी आहे. ह्या लोकांची रीत मी आधी विचारायला हवी होती."

"असलं कारण कुठल्या कंपनीत असतं?"

"ह्या कंपनीत आहे ना? मग ह्या कंपनीच्या सिस्टीममध्ये असणार."

साहेब माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. म्हणाला, "पण मंजुरी कोणाची? मी माझं नाव देणार नाही." आपांनी खुर्ची ओढली, 'कालवण' असं नवं कारण उघडलं आणि मंजुरीच्या चौकटीत स्वतःचं नाव टाकलं. करारावरची बाई! मुंबईहून एक फोन आला की दुसऱ्या दिवशी घरी बसायची पाळी. फोन आलाही. आपा म्हणाल्या, "शेटना विचारा." शेटनी हो म्हटलं. पुढच्या महिन्यात हिशोब जुळला आणि माझ्यावरचा आळ गेला.

गेल्या वर्षी आपा मुलीकडे मस्कतला राहायला गेल्या. निघायच्या दिवशी सगळ्यांची कामं सोपवून झाल्यावर त्यांनी कालवणाची मंजुरी उघडली, आपलं नाव काढलं आणि माझं टाकलं.

"आपा, अहो, मी? माझ्यावर तर..."

"तुझ्यावर आळ आला आणि तरी तू ह्या बायकांचं नाव घेतलं नाहीस. मग दुसऱ्या कोणाचं टाकू?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "खुदा हाफिज, बाय. काट्यावर नीट बघत जा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिराबाय डबा तोलून आत आली. "आता कोनाचा नाव हाय?"

"माझं."

"कंचा ता? दाखव."

तिला वाचता येत नाही. मी दाखवलं, तिने ओल्या बोटाने पडद्यावर माझं नाव चाचपलं आणि मासळीचा एक खवला तिथे चिकटून राहिला. मी तो तसाच राहू दिला आणि मंजुरी दिली.