वजा एकशे शहाण्णवची माणसं

लिक्विड नायट्रोजन कितीही जपा, थोडा थोडा उडून जातोच. किस्से मात्र उडत नाहीत, तळाला साठत जातात! पुण्याहून कंटेनर भरून आणायचा, नगरच्या एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये उतरवायचा, हा माझा धंदा. मी दहावी नापास, मूळचा बर्फवाला. जे शिकलो ते त्या लॅबच्या दारात, तिथले असिस्टंट शेखमामा यांच्याकडून. ते ऋण फिटायचं नाही, म्हणून निदान सांगतो तरी.

*

पहिली खेप. वजा एकशे शहाण्णव डिग्रीचा माल, भर उन्हाळा, सुप्याजवळ ट्रॅफिक. बर्फवाल्याचं डोकं चाललं! कंटेनरभोवती बर्फाच्या लाद्या रचल्या, वर गोणपाट टाकलं आणि ऐटीत लॅबसमोर टेम्पो लावला.

मामांनी गोणपाट उचललं. "शेठ, हे कशापायी?"

"थंड राहावा म्हणून!"

"अवो, त्याच्यापेक्षा बर्फ एकशे शहाण्णव डिग्रीनं गरम हाय. तुमी त्याला शेकोटी करून दिली!"

*

झाकणाच्या कडेनं सारखा पांढरा धूर निघायचा. व्यापाऱ्याला त्यात काय दिसणार? माल चालला! एकदा मी सायकलच्या ट्यूबनं झाकण करकचून बांधूनच आणलं.

मामांनी पाहिलं, सगळ्यांना लांब हाकललं, तोंडावर शील्ड चढवलं आणि बाजूनं हात घालून ट्यूब कापली. झाकण उडालं ते थेट शेडच्या पत्र्यावर!

"आत वायू तयार हुतो, शेठ. त्याला वाट लागते," एवढंच म्हणाले, आणि मला चहा पाजला. आजही चष्मा पुसताना मामा आठवतात. खाली दोन्ही डोळे आहेत, ते त्यांच्यामुळे.

दुसऱ्या दिवशी कंटेनरवर खडूनं लिहिलं होतं : "झाकण बांधू नये. शेठनी तर अजिबात नाही!"

*

आत माल किती उरलाय हे मामा एका लाकडी काठीनं बघायचे. काठी बुडवायची, काढून हवेत हलवायची. जिथवर पांढरं धरेल तिथवर माल.

एकदा तपासणीला साहेब आले. "या उपकरणाचं कॅलिब्रेशन कधी झालं?"

मामा म्हणाले, "तासली तवाच!"

साहेबांनी लिहून घेतलं : समाधानकारक.

*

माझं दुसरं गिऱ्हाईक म्हणजे श्रीगोंद्याचे बाजीराव अण्णा. गायींना कृत्रिम रेतनाच्या कांड्या भरतात. वळूंच्या वीर्याच्या त्या बारीक कांड्या नायट्रोजनमध्येच टिकतात, म्हणून अण्णांचा कंटेनर कायम मोटारसायकलला बांधलेला. एकदा हवालदारानं अडवलं.

"डब्यात काय आहे? धूर कसला?"

"साठ वळू हायत, साहेब."

हवालदारानं डब्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे. "बरं. हेल्मेट कुठाय?"

*

आता वैशालीचा रविवार.

वैशाली जामखेडकडची. पाच वर्षं पीएचडीसाठी बटणाएवढी काळी चकती घेऊन बसली होती. यंत्रात घालून नायट्रोजननं गार केली की चकतीतला विजेचा अडथळा एकदम शून्य व्हायला हवा. शेवटचा ग्राफ बाकी आणि सोमवारी थिसिस जमा करायची शेवटची तारीख!

सकाळीच मामांचा फोन. "शेठ, कंटेनरला भायेरून घाम फुटलाय. आत ठणठणाट."

मला लगेच कळलं. उतरवताना कंटेनर माझ्याच हातून टेम्पोच्या फाळक्यावर आदळला होता. पोचा बारीक होता, म्हणून मी बोललो नव्हतो. त्याच्या दुहेरी भिंतीतला, गारवा धरून ठेवणारा व्हॅक्यूम गेला होता! आणि रविवारी प्लांट बंद.

अण्णांना फोन लावला, खरं ते सांगितलं. अण्णा म्हणाले, "शेठ, माझ्या डब्यात सोन्याच्या शेवटच्या कांड्या हायत. उघड्या पडल्या तर सोन्या दुसऱ्यांदा मरंल."

सोन्या म्हणजे त्यांच्या घरचा खिलार वळू. जाऊन नऊ वर्षं झालेली.

दुपारी अण्णा डब्यासकट लॅबमध्ये हजर! "पोरीचं काम हाय. वता. पन तळाला चार बोटं ठिवा."

"भसकन वतलं तर निम्मं उडून जातं," मामा म्हणाले. तान्ह्या बाळाला औषध पाजावं तसं ते यंत्राला पाजू लागले. ग्राफ हळूहळू खाली येत होता. अण्णा काठी बुडवून सांगत होते, "सहा बोटं... पाच..."

चार झाली. मामांनी हात थांबवला. ग्राफ अजून तिरकाच.

अण्णांनी वैशालीच्या तोंडाकडे पाहिलं. "मामा, आनखी एक घोट पाजा."

आणि ग्राफ विहिरीत दगड पडावा तसा सरळ शून्यावर! अण्णांनी काठी पुन्हा बुडवली. कांड्या बुडालेल्याच होत्या.

वैशाली अण्णांच्या पाया पडायला वाकली. "माझ्या न्हाई," अण्णा म्हणाले, "डब्याच्या पड." ती खरंच पडली! मी पोच्याचं कबूल केलं, तर म्हणाली, "काका, आधी चहा सांगा."

पुढच्या वर्षी तिची तोंडी परीक्षा झाली. आम्हा तिघांनाही तिनं बोलावलं होतं. बाहेरून आलेल्या प्रोफेसरांनी थिसिसचं आभाराचं पान उघडलं. आईवडील, गाईड, शेखमामा, मी, बाजीराव अण्णा... शेवटच्या नावापाशी ते थांबले.

"हे सोन्या खिलार कोण? आले असतील तर भेटायला आवडेल."

वैशालीनं मान खाली घातली. मागच्या बाकावरून अण्णा उठले, टोपी काढली.

"ते जाऊन धा वर्सं झाली, साहेब. पोरं मात्र अजून हुत्यात!"