डोक्यावरचा जवारा

माझी मोठी जाऊ चैत्रातल्या यात्रेत गेली म्हटलं, की लोक विचारतात, गर्दीत चेंगरली का? नाही. गर्दीने तिला हात जोडून मधोमध जागा करून दिली होती.

लेकीचं लग्न जमलं म्हणून ती नवस फेडत होती. नवरात्रात टोपलीत गहू पेरायचे आणि नवमीला तो उगवलेला जवारा डोक्यावर घेऊन अनवाणी देवीच्या तळ्यावर न्यायचा. विसर्जन होईपर्यंत टोपली खाली ठेवायची नाही, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. पूर्वी हे सगळं उन्हं चढायच्या आत आटपायचं. आता डीजेशिवाय देवीला करमत नाही. त्याची गाडी उशिरा आली आणि आम्ही निघालो तेव्हा डांबर पायाला चिकटत होतं. गावोगावचे जवारे, हजारो माणसं आणि सावलीला एक झाड नाही. रस्ता रुंद करताना सगळी तोडलेली.

जाऊ बोलघेवडी. माझ्या पोळ्या जाड होतात इथपासून तिने वाटभर मला टोचलं. मग गप्प झाली. मग झोकांड्या खात काहीबाही पुटपुटायला लागली. बायका म्हणाल्या, देवी आली. मी तिचा दंड धरला तर तव्यासारखा तापलेला आणि कोरडा, घामाचा टिपूस नाही. हिला ऊन लागलंय, असं मी ओरडून सांगितलं, पण त्या डीजेत माझं मलाच ऐकू येत नव्हतं. मी बाटली पुढे केली. सासूबाईंनी माझा हात झटकला.

"काऊन हात लावून राहिली? माय आली हाय तिच्या अंगात."

त्यांच्यापुढे बोलायची कुणाची प्राज्ञा? दोघींनी मला मागे ओढलं. मला नुसतं रडू येत होतं.

सासूबाई जावेपुढे वाकल्या. "माय, काय पायजे तुले?"

"पानी," जाऊ म्हणाली. अगदी स्पष्ट म्हणाली.

लगेच पाण्याने भरलेला पितळी गुंड आला. सासूबाईंनी तो स्वतःच्या हाताने तिच्या पायांवर ओतला, वर हळदकुंकू वाहिलं. ती कोसळली तेव्हा चहूबाजूंनी हात पुढे आले आणि त्यांनी टोपली झेलली.

दवाखान्यात नेईपर्यंत ती संपली होती. डॉक्टरांनी विचारलं, बाईंना पाणी वगैरे काही दिलं होतं का. सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या.

"देलं ना," त्या म्हणाल्या. "तिनं मांगतलं न् मीच देलं. गुंडभर."

त्या खोटं बोलत नव्हत्या.