इमामनं धाडलेली फुलं

शाहू महाराज गादीवर येऊन दहा-बारा वर्षं झाली होती. गारगोटीपासून दिवसभराच्या वाटेवर मैलभर पसरलेला उघडा कातळ होता. लोक त्याला सडा म्हणत. तिथं इमाम जंगलाचा राखणदार होता. बायको फातिमा प्लेगात गेली, मूलबाळ नव्हतं. कुणालाच नको असलेली ही जागा त्यानं मागून घेतली होती. आठ-आठ दिवस माणसाचा आवाज कानी पडत नसे.

एका भादव्यात कोल्हापूरहून एक साहेब झाडपाला बघायला आले. कातळावर गुडघे टेकून बराच वेळ फुलं न्याहाळत बसले. जाताना म्हणाले, "इमाम, दर ऋतूतली फुलं कागदात दाबून पाठव. नाव लिही, दिवस लिही. मी उत्तर देईन."

इमामला फुलांतलं काही कळत नव्हतं. त्यानं शेरडं घेऊन येणाऱ्या बाळाबाई धनगरणीला विचारलं.

"ही सीतेची आसवं. ह्यो गेंद. ही सोनकी, दसऱ्यापतुर टिकती."

"आन् हे?"

"त्येला नाव न्हाई."

"असं कसं?"

"शेरडं खाईनात, औषदाला लागंना. नाव ठिवून काय करू?"

इमामनं मोडीत लिहिलं, 'नाव नाही.' आषाढात भेगांतून वर येणारी पांढरी आमरी, शिमग्याला उतारावरची लाल धायटी, कातळ तापून करपला की झुडपांवर येणारी जांभळी अंजनी, सगळं तो दाबत गेला. बाजाराला उतरणाऱ्याच्या हाती पुडकी गारगोटीच्या टपालात धाडत गेला. उत्तर आलं नाही. आपलं अक्षर लागत नसेल, असं वाटून तो एकेक अक्षर सुटं काढू लागला.

चार वर्षांनी रजा काढून तो चालत कोल्हापूरला गेला. कचेरीतल्या कारकुनानं मान वर केली.

"कोण साहेब? अहो पावणं, ते म्हैसूरला जाऊन तीन वर्षं झाली की!"

"आन् माझी पुडकी?"

कारकुनानं कपाटाखालून ती ओढून काढली. एकाचीही दोरी सुटलेली नव्हती. "न्हेता का? जागा तर मोकळी हुईल."

इमाम ती घेऊन रंकाळ्याच्या काठावर बसला. पहिल्या वर्षीचं पुडकं सोडलं. रंग उडाले होते, तरी फूल न् फूल ओळखू आलं. 'तेरडा' म्हणून लिहिलेल्या कागदावर दोन निराळ्या जातींची फुलं होती. तेव्हा त्याला फरक दिसला नव्हता. ही चूक कुणी पाहिली नाही, याचं त्याला बरं वाटलं, आणि मग फार वाईट वाटलं.

परत आल्यावरही तो फुलं दाबत राहिला. दोन वर्षांनी श्रावणात बदलीचा हुकूम आला. त्या साली उतारावरची कारवी फुलायची होती. सात वर्षांनी एकदाच फुलते, आणि इमामनं ती कधी पाहिली नव्हती. कळ्या धरल्या होत्या. त्यानं महिन्याची मुदत मागितली. मिळाली नाही.

नवा राखणदार कृष्णात वर आला, तेव्हा इमामनं त्याला उतार दाखवला. "फुललं की दोन फांद्या दाबून ठिव."

"कुणाला धाडायच्या?"

"कुणाला न्हाई," इमाम म्हणाला आणि गारगोटीच्या वाटेनं उतरू लागला.