युद्धापुरता पक्ष

आखातातल्या सखीरच्या विद्यापीठात ग्रंथालयाच्या दारावर कोकणातले एक काका बसत. मी बाहेर पडताना ते माझं पुस्तक तपासत आणि मराठीत विचारत, "आज काय?" मी इंग्रजीत उत्तर देई.

एके दिवशी मी सांगितलं, की अमेरिकेतल्या यादवी युद्धात देश फुटू नये म्हणून काही पुढारी आपला पक्ष सोडून विरोधकांबरोबर नव्या पक्षात गेले. युद्ध संपलं, तसा तो पक्षही संपला.

"मग बाय, जुन्या पक्षानं त्यांना परत घेतलं?"

"नॉट रिअली, अंकल."

ते पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. "सोमवारी गावी चाललो. कायमचा, तीस वर्षांनी. भाऊ ये म्हणतो खरा."

'घेतील हो तुम्हाला,' असं अगदी तोंडाशी आलं होतं. "टेक केअर," मी म्हणाले.

त्यांनी नेहमीसारखं माझ्यासाठी दार उघडून धरलं.